चुकून गेलेले पैसे परत कसे मिळवायचे, आणि चुकून आलेले कसे परत करायचे

पैसे भलत्याच खात्यात गेले की इंदूरमधल्या बँकेच्या काउंटरवरून एक ठरलेले वाक्य ऐकू येते: ‘नंबर आपने ही डाला था, बैंक इसमें कुछ नहीं कर सकती.’ यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा अर्धाच. समोरच्याच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून पैसे काढून तुम्हाला देऊ शकत नाही, हे बरोबर. पण म्हणून ते पैसे समोरच्याचे होत नाहीत. बरेच जण काउंटरवरूनच हात हलवत परततात आणि हक्काची रक्कम सोडून देतात, ते या दोन गोष्टींतला फरक न कळल्यामुळे.

कायद्याचा आधार एका ओळीचा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७२ सांगते की ज्याला चुकीने किंवा जबरदस्तीने पैसे दिले गेले किंवा वस्तू दिली गेली, त्याने ती परत केली पाहिजे. तुमच्या दोघांत करार असण्याची गरज नाही, ओळख असण्याचीही नाही. चूक कोणाची, निष्काळजीपणा कोणाचा, हे कलम विचारत नाही. अधिनियमातच दिलेले उदाहरण घरगुती म्हणावे असे आहे: दोघांनी मिळून एकाचे शंभर रुपये देणे होते, एकाने भरले, दुसऱ्याला ते माहीत नसल्याने त्यानेही भरले, घेणाऱ्याने दुसऱ्याचे शंभर परत करायचे. राजेंद्र नगरमधल्या फ्लॅटचा मेंटेनन्स मुलाने पुण्याहून ऑनलाइन भरला आणि इकडे आईने सोसायटीला चेक दिला, तर मामला हाच. सोसायटी म्हणेल, ‘पुढच्या वर्षात वळते करू.’ तुम्हाला चालत असेल तर ठीक. नको असेल तर परत मागायचा हक्क आहे.

‘मी तर खर्च करून टाकले’ हा बचाव सहसा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये बनारसच्या कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ या पेढीच्या प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. चांदीच्या वायद्याच्या व्यवहारांवर पेढीने भरलेला विक्रीकर कायद्यात बसत नव्हता. चूक वस्तुस्थितीची असो वा कायदा समजण्यातली, कलम ७२ दोन्हींना लागू, ही एक गोष्ट. सरकारने ते पैसे खर्चून टाकले म्हणून देणे संपत नाही, ही दुसरी. करांच्या बाबतीत मात्र १९९६ मध्ये मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने वाट अरुंद केली. आता जादा कर त्या-त्या कर कायद्यातल्या परताव्याच्या तरतुदीनेच मागायचा, आणि तो बोजा गिऱ्हाइकावर टाकलेला नाही हेही दाखवायचे.

कलम ७२ मध्ये काय बसत नाही, तेही आधी तपासा. खरोखर देणे असलेली रक्कम दिली आणि नंतर वाटले की वसुलीची मुदत उलटली होती, तर ती परत मिळत नाही. मुदतीने वसुलीचा मार्ग बंद होतो, देणे नाहीसे होत नाही. देणे लागत नाही हे माहीत असूनही, कुणाच्या दबावाशिवाय दिलेले पैसे म्हणजे चूक नव्हे. ऑर्डरचा माल आला नाही, हा कराराचा वाद आहे. आणि कोणी फसवून पैसे काढून घेतले असतील तर पुढचे वाचत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे एकेक मिनिट मोलाचे असते.

पहिल्या तासात

सगळ्यात आधी व्यवहार ‘चुकीचा’ झाला की ‘अयशस्वी’, हे ठरवा. खात्यातून रक्कम वजा झाली पण समोर जमाच झाली नाही, तर तो अयशस्वी व्यवहार. त्याला रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक लागू होते. दोन व्यक्तींमधल्या यूपीआय किंवा आयएमपीएस व्यवहारात रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, दुकानदाराला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये पाच दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. एनईएफटीत खाते क्रमांक अस्तित्वातच नसेल तर समोरच्या बँकेने त्या बॅचनंतर दोन तासांत रक्कम परत पाठवायची असते. म्हणजे खाते बंद पडलेले किंवा क्रमांक बनावट निघाला तर तुमचे नशीब चांगले. पैसे घरी येतात.

खरी अडचण क्रमांक जिवंत असतो आणि दुसऱ्याचा असतो तेव्हा येते. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम फक्त खाते क्रमांक पाहून जमा होते, तुम्ही लिहिलेले नाव यंत्रणा जुळवून पाहत नाही. १ एप्रिल २०२५ पासून बँकांनी या दोन्हींसाठी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवायची सोय विनाशुल्क द्यायची आहे. ती नेटबँकिंगमध्ये असते आणि शाखेत जाणाऱ्यालाही मागता येते. वयस्कर मंडळी अजून स्लिप भरून आरटीजीएस करतात. त्यांनी खिडकीवर ‘नाव दाखवा, मग पाठवा’ एवढे म्हणावे.

मग पुरावा गोळा करा, म्हणजे व्यवहार क्रमांक हातात घ्या. यूपीआय आणि आयएमपीएसचा क्रमांक १२ आकडी असतो, एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. पेमेंट अ‍ॅप स्वतःचाही एक लांबलचक क्रमांक दाखवते. लोक घाईत तोच लिहून देतात आणि बँकेला व्यवहार सापडत नाही. व्यवहाराच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात वेळ आणि समोरच्याचे दिसणारे नाव यायला हवे. ज्याला पैसे द्यायचे होते त्याचा खरा क्रमांक कुठे लिहिलेला आहे (वहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर, बिलावर), त्याचाही फोटो काढा. चूक होती हे पुढे यातूनच सिद्ध होते: घरमालकाच्या खात्याच्या शेवटी ४७१७ आणि पैसे गेले ४७७१ ला, हे दोन कागद शेजारी ठेवले की फार बोलावे लागत नाही.

बँकेला अर्ज

अ‍ॅपमधून त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. स्वतःच्या शाखेत कागदी अर्ज द्या, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. इंदूरच्या शाखेत अर्ज हिंदीत लिहिलेला बरा. मराठी अर्ज घेणारा भला माणूस भेटेलही, पण तो पुढे समोरच्या बँकेकडे जायचा असतो. अर्जात तुमचा खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, व्यवहार क्रमांक, ज्यात पैसे गेले ते खाते आणि आयएफएससी, ज्यात जायला हवे होते ते खाते, आणि चूक कशी झाली याचे एक वाक्य एवढे पुरते. पुढे दोन मागण्या स्पष्ट लिहा. एक, लाभार्थी बँकेला आजच कळवून खातेदाराची संमती मागावी. दोन, संमती येईपर्यंत रक्कम रोखता येते का, ते त्या बँकेला विचारावे. दुसरी मागणी मान्य होईलच असे नाही. लिहिलेली असावी.

समोरची बँक कोणती, हे आयएफएससीच्या पहिल्या चार अक्षरांवरून कळते. शाखा इंदूरमध्येच असेल तर स्वतः जाऊन व्यवस्थापकाला अर्जाची प्रत द्या. नाव-पत्ता ते सांगणार नाहीत, मागूही नका. ‘खातेदाराला फोन करून माझा नंबर द्या’ एवढीच विनंती करा. हे काम खूपदा इथेच मिटते, कारण बहुतेक माणसे प्रामाणिक असतात आणि फोन बँकेतून आला की त्यांची शंकाही फिटते.

अर्ज करून ३० दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही, किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, वकील लागत नाही. पण लोकपाल बँकेच्या सेवेतली कसूर पाहतो. पैसे घेऊन बसलेल्या माणसाला तो आदेश देत नाही. स्लिपवर तुम्ही क्रमांक बरोबर लिहिला होता आणि कारकुनाने टंकताना चुकवला, अशी केस असेल तर मात्र लोकपाल किंवा ग्राहक आयोग हीच योग्य जागा, आणि तिथे स्लिपची स्थळप्रत हाच तुमचा सगळा जीव. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षे.

समोरच्याशी बोलताना

यूपीआयने गेले असतील तर बहुधा फोन नंबर तुमच्याकडे असतो. बँक खात्यात गेले आणि माणूस कोण ते कळत नसेल तर त्याच खात्यात एक रुपया पाठवून शेऱ्यात ‘चुकून ८५०० आले, फोन करा’ आणि आपला नंबर लिहिता येतो; पासबुकात तो मजकूर दिसण्याची बरीच शक्यता असते. संदेश पाठवायचा तर असा:

‘नमस्कार. आज दुपारी २.१० वाजता माझ्या खात्यातून आपल्या खात्यात ८,५०० रुपये चुकून जमा झाले आहेत. व्यवहार क्रमांक खाली देत आहे. कृपया मला थेट पाठवू नका. आपल्या बँकेत चौकशी करून, ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. माझ्या शाखेत दिलेल्या अर्जाची शिक्का असलेली प्रत सोबत जोडली आहे.’

‘मला थेट पाठवू नका’ हे वाक्य उलटे वाटेल, पण तेच विश्वास बसवते, कारण ठग नेमके याच्या उलट बोलतो. लिंक पाठवू नका, क्यूआर पाठवू नका, दिवसातून दहा फोन करू नका. धमकी तर नकोच. पहिल्याच वाक्यात ‘पोलिसात जाईन’ म्हटले की घाबरलेला माणूस नंबर ब्लॉक करतो आणि आठवड्याचे काम वर्षावर जाते.

नकार आला तर: नोटीस

पंधरा दिवस वाट पाहून लेखी मागणी करा. वकिलाकडून पाठवली तर वजन पडते, पण स्वतः पाठवलेली नोटीसही कायद्याने चालते. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. नोटिशीत कलम ७२ चा उल्लेख, रक्कम, आणि परत करायला १५ दिवसांची मुदत लिहा. एक वाक्य बहुतेक जण विसरतात: ‘या तारखेपासून व्याजाची मागणी केली जाईल.’ करारच नसल्यामुळे व्याजाचा दर कुठे ठरलेला नसतो; व्याज अधिनियम, १९७८ च्या कलम ३ प्रमाणे अशा वेळी लेखी नोटिशीत व्याजाची मागणी केलेली असेल तर नोटिशीत लिहिलेल्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकते. वाक्य नसेल तर दाव्याच्या आधीचे व्याज हातचे गेलेच समजा.

पोलीस

चुकून आलेले पैसे आपले नाहीत हे कळल्यावरही अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अपहाराचा गुन्हा आहे: सहा महिन्यांपेक्षा कमी नाही, दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड. १ जुलै २०२४ आधीच्या घटनेला जुन्या दंड संहितेचे कलम ४०३ लागते. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणून दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाण्यात तुम्हाला एफआयआर नव्हे तर ‘अदम चेक’ची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, पावती हातात मिळेल. ठाणेदार टाळतोय असे समजून तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. ती पावती नोटिशीला जोडा, तिचा उपयोग तेवढाच, पण तो कमी नाही. समोरच्याने तुमच्या मागणीनंतर पैसे काढले, हे दाखवता आले तरच फौजदारी बाजू भक्कम होते, कारण तोवर त्याला माहीत नव्हते असे तो म्हणू शकतो. २०२१ मध्ये बिहारमधल्या खगडिया जिल्ह्यात एकाच्या खात्यात ग्रामीण बँकेच्या चुकीने साडेपाच लाख जमा झाले. हे पैसे पंतप्रधानांनी पाठवले असा दावा करत त्याने ते परत करायला नकार दिला, आणि त्याला अटक झाली. बँक मागत असताना नकार देणे, तिथेच तो अडकला.

लोक अदालत आणि दावा

रक्कम लहान असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्याआधीच्या समेटाचा अर्ज द्या. कार्यालय जिल्हा न्यायालयात असते, फोन १५१००. कोर्ट फी नाही, आणि समेट झाला तर लोक अदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना वकीलही मोफत मिळतो. मर्यादा एकच: समोरचा आलाच नाही किंवा नाहीच म्हणाला तर अदालत जबरदस्ती करू शकत नाही.

मग उरतो दिवाणी दावा. समोरचा राहतो तिथे तो दाखल करता येतोच. तो नागपूरला किंवा सुरतेला असेल तर, पैसे इंदूरच्या खात्यातून गेले, म्हणजे दाव्याचे कारण अंशतः इथे घडले, असे मांडून इथे दाखल करता येतो. हरकत येणार हे धरून चला. नाव-पत्ता माहीत नसेल तर त्याच्या बँकेला औपचारिक प्रतिवादी करून न्यायालयामार्फत तपशील मागवावा लागतो. खात्याचा उतारा बँकेकडून प्रमाणित करून घ्या. स्क्रीनशॉट आणि चॅट पुराव्यात आणायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, म्हणून ज्या फोनवर ते आहेत तो फोन विकू नका.

मुदत तीन वर्षे. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १७ प्रमाणे चुकीच्या बाबतीत ती चूक कळल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळली असती तेव्हापासून मोजतात. पैसे गेल्याचा संदेश त्याच क्षणी फोनवर आलेला असतो, म्हणून ‘मला दोन वर्षांनी कळले’ हे सांगणे अवघड. विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे दोनदा कापला जात होता, असल्या प्रकरणात मात्र हे कलम खरेच कामाला येते.

पैसे तुमच्याकडे आले असतील तर

आधी ते खरोखर आले का ते बघा: संदेशावर नको, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहून. जमेचा खोटा संदेश पाठवून ‘परत करा’ म्हणणारे शहरात रोज कोणाला ना कोणाला गाठतात.

आले असतील तर हात लावू नका, आणि फोनवर रडणाऱ्या माणसाने दिलेल्या दुसऱ्याच नंबरवर तर मुळीच पाठवू नका. यामागचे गणित असे: चोरलेले पैसे ठग तुमच्या खात्यात टाकतो आणि तुमच्याकडून तिसऱ्या खात्यात वळवतो. मूळ लुटलेला माणूस १९३० वर तक्रार करतो, पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो, खाते गोठते. तुम्ही सज्जनपणे परत केलेले पैसे तिसऱ्याच्याच खिशात असतात, आणि मूळ मालकाचे देणे तुमच्या माथी राहते. सियागंजच्या दुकानदारांना याचा एक प्रकार ठाऊक असेल: गिऱ्हाईक ५०० ऐवजी ५,००० स्कॅन करते, ‘चुकलं भिया’ म्हणते आणि उरलेले ४,५०० रोख मागते. रोख देऊ नये. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत, ऑनलाइन, शेऱ्यात मूळ व्यवहार क्रमांक लिहून.

एरवी स्वतःच्या शाखेत लेखी कळवा: अमुक तारखेला, अमुक क्रमांकाने, एवढी रक्कम आली आहे, ती माझी नाही, आली त्या खात्यात परत करायला माझी संमती आहे. शिक्क्याची प्रत घ्या. हा कागद असेल तर अपहाराचा आरोप उभाच राहत नाही. तुमचे खाते ओव्हरड्राफ्टचे असेल तर आलेली रक्कम कर्जात मुरते आणि शिल्लक दिसत नाही; तरी देणे तुमचेच.

पगार आणि पेन्शन

नोकरदाराला चुकून जादा पगार दिला गेला तर तोही सर्वसाधारणपणे परत करायचा. पण सरकारी नोकरांसाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफीक मसीह प्रकरणात वसुलीला आवर घातला. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, जादा रक्कम पाच वर्षांहून अधिक काळ दिली गेली असेल ते, ज्यांच्याकडून वरच्या पदाचे काम करून घेऊन त्याचा पगार दिला असे, आणि जिथे वसुली अन्यायाची ठरेल असे इतर, यांच्याकडून वसुली नको. मात्र जादा आले तर परत करीन असे लिहून दिले असेल तर २०१६ च्या जगदेव सिंग निकालाने बाजू उलटते. म्हणून वसुलीचे पत्र आले की पहिल्यांदा आपल्या सेवा-नस्तीत असे हमीपत्र आहे का, हे पाहा. हातून चुकलेले नाही, काही लपवलेले नाही, हेही उत्तरात लिहा.

पेन्शनचा प्रकार घरोघरी घडतो. बाबा गेले, बँकेला कळवायचे राहिले, चार महिने पेन्शन येत राहिली आणि दशक्रियेच्या, घरखर्चाच्या गडबडीत एटीएममधून काढली गेली. मृत्यूच्या तारखेनंतरचे हे पैसे कुटुंबाचे नाहीत आणि बँक ते मागणार. पेन्शन सुरू होतानाच जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र तिच्याकडे असते. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन मात्र वारसांची. दोन्ही आकडे वेगळे मांडून मागा, आणि आईची कुटुंब पेन्शन सुरू होणार असेल तर वसुली तिच्या थकबाकीतून हप्त्यांनी करा, असा अर्ज मृत्यूच्या दाखल्यासोबतच द्या.

वीजबिल

पश्चिम क्षेत्र वीज कंपनीच्या बिलावरचा आयव्हीआरएस क्रमांक (म्हणजे ग्राहक क्रमांक) टाकताना एक आकडा चुकला तर तुमचे पैसे शेजाऱ्याच्या बिलात जमा दिसतात. झोन कार्यालयात अर्ज द्या: दोन्ही आयव्हीआरएस क्रमांक, पावती, आणि शेजारी मानला तर त्याचे दोन ओळींचे संमतीपत्र. पुढचे बिल निघण्याआधी गेलात तर बरे, कारण त्यानंतर रक्कम त्याच्या वापरात वळती झालेली असते आणि मग कंपनीऐवजी शेजाऱ्याकडे मागावी लागते. तोवर स्वतःचे बिल भरून टाका. ‘माझे पैसे तुमच्याकडे आहेतच’ म्हणून थांबलात तर अधिभार लागतो. आणि कंपनीनेच ठरलेल्या दरापेक्षा जास्त आकारणी केली असेल तर तो वेगळा हक्क आहे: वीज अधिनियम, २००३ च्या कलम ६२(६) प्रमाणे जादा रक्कम बँक दराच्या व्याजासह परत मागता येते. अर्जात कलम लिहा आणि व्याजही मागा.